गुळणीचा हंडा

“अभिनंदन! आपले मुख निरोगी आहे.”

सकाळपासून हे एकच वाक्य ऐकून डॉ. शाहीन तांबोळीचं डोकं उठलं होतं. यंत्राचा आवाज बाईचा होता, गोड होता, आणि तो थकत नव्हता. माणसाचा असता तर तिनं त्याला चहा पाजून गप्प तरी बसवलं असतं.

बोरठाणच्या शाळेच्या पटांगणात तपासणीची गाडी उभी होती. सहा महिन्यांतून एकदा ती चालकाशिवाय आपली आपण येई आणि लिंबाच्या सावलीत नेमकी थांबे. अंगावर एका हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र. असल्या पांढऱ्याफेक दातांची बाई अख्ख्या माणदेशात कोणी पाहिलेली नव्हती. चित्राखाली बायकांची रांग. एरवी चार जणी जमल्या की ज्यांच्या गप्पांनी कान किटावेत, त्या बायका आज ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. जणू तोंडात काही धरून ठेवलंय आणि ते सांडेल.

शाहीनला हे दर वेळी दिसायचं. बायका घाबरतात, असं तिनं धरून चाललेलं.

घाबरण्यासारखं होतंच. इथल्या बाईचा दिवस मिश्रीनं सुरू होतो. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घ्यायची, हिरड्यांवर फिरवायची, आणि मग दात घासून झाले तरी ते बोट काही तोंडातून निघत नाही. सासू लावते म्हणून सून लावते, पोट साफ होतं म्हणून लावते, सकाळच्या कामाच्या धबडग्यात ती पाच मिनिटं कोणी हाक मारत नाही म्हणून लावते. पन्नाशीला तोंडात पांढरे चट्टे उठतात. पूर्वी शाहीनकडे बायका यायच्या त्या जबडा उघडेनासा झाल्यावर, मानेत गाठी आल्यावर. तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसे.

म्हणून हे यंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता, हे कबूल करायला हवं.

यंत्राची करामत साधी होती. काळ्या पडद्याआड खुर्ची आणि खुर्चीसमोर निळा दिवा. निळा प्रकाश पडला की निरोगी तोंडाचं अस्तर स्वतःहून फिकट हिरवं उजळतं. शास्त्रात याला प्रतिदीप्ती म्हणतात. पेशी बिघडू लागल्या की ही चमक विझते आणि डोळ्यांना काही दिसायच्या आधीच तिथं काळा डाग दिसतो. असा डाग सापडला की यंत्र आपल्या पोटातलं एक कुलूप उघडायचं आणि रंगाची कुपी बाहेर द्यायचं. हा रंग कर्करोगाच्या पेशींनाच चिकटतो आणि दुसऱ्या दिव्याखाली लाल पेटतो. किती ठळक पेटला, किती खोल गेला, यावरून रोग नुकता हातपाय पसरतोय की मस्तवाल होऊन बसलाय, ते कळतं. कुपी महाग, म्हणून कुलपात. आधी डाग, मग कुपी, मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय तिकडं कोणी तुकडा काढून तपासत नाही.

आणि गेली कित्येक शिबिरं डागच सापडत नव्हता. मिश्रीनं माखलेला सगळा मुलूख यंत्राच्या लेखी फुलासारखा ताजा. वरचे लोक खूश. बोरठाणला तर ‘निर्मळमुख ग्राम’ असा फलक मिळायचा होता.

“पुढची,” शाहीन ओरडली.

“आले की गं! ओरडतीस कशाला? तुझ्या बापाच्या दुकानावर उधारीवाल्याला पण कोण असं वराडत नव्हतं.”

पडदा बाजूला सारून इंदूआक्का खिलारे आत आली. आक्का आसपासच्या लग्नांची आचारी. तीस-तीस बायांना एका जागी उभं राहून कामाला लावायची, आणि पाचशे माणसांच्या आमटीत मीठ किती कमी आहे ते जिभेच्या टोकानं सांगायची. तिच्या हातची मासवडी खाल्ल्याशिवाय या भागात लग्न लागलं असं कोणी मानत नसे.

“बस, आक्का. तोंड उघड.”

“बापानं गावाला पान-तंबाखू खाऊ घातली आन लेक आली तोंडं तपासायला. दोन्ही दुकानं तुमच्याच घरात व्हय गं?”

“तोंड उघड म्हटलं, चालव म्हटलं नाही.”

आक्का हसली आणि तिनं तोंड उघडलं. शाहीननं आधी साध्या बॅटरीनं पाहिलं. हे पाहणं नियमात नव्हतं, पण तिची सवय जात नव्हती. जिभेच्या डाव्या कडेला, मागं, पांढरट खरखरीत पट्टा. तिनं हातमोज्याचं बोट टेकवलं. खाली कडक. भिजलेल्या डाळीत एखादा गणंग दाणा बोटाला लागावा तसं.

शाहीननं तीच जागा पुन्हा चाचपली.

“दुखतं?”

“न्हाई.”

“तिखट झोंबतं?”

“आचाऱ्याला तिखट झोंबाय लागलं तर चूल इझवून घरी बसावं लागंल.”

शाहीननं पडदा ओढला आणि निळा दिवा लावला. यंत्राच्या पडद्यावर आक्काची जीभ उजळली. हिरवीगार. जिथं बोटाला कडक लागलं होतं, नेमकं तिथं तर सगळ्यात जास्त हिरवी.

“अभिनंदन! आपले मुख निरोगी आहे.”

खाली अक्षरं उमटली: निष्कर्षाशी सहमत आहात का? त्याखाली दोन बटणं. ‘होय’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’चं बटण मागच्या सुधारणेत काढून टाकलं होतं, कारण ते कोणी फारसं वापरत नाही असं वरच्यांच्या लक्षात आलं होतं.

“बघ,” आक्का म्हणाली. “हिरवी. निगते मी. रविवारच्या लग्नाचा मसाला भाजायचाय.”

“थांब. खाली बस. मला काहीतरी लागलंय.”

“यंत्राला डोळं हायत, पोरी. तुला काय हाय?”

“मला बोट आहे.”

“मला धा हायत,” आक्का म्हणाली आणि पदर खोचून चालती झाली.

शाहीननं पुण्याला फोन लावला. नियंत्रण कक्षात या भागाचं काम प्रसन्न हुपरीकर बघायचा. यंत्राला शिकवणाऱ्या तुकडीतला माणूस, वयानं तरुण, बोलायला अदबशीर. त्या अदबीचा शाहीनला जास्तच राग यायचा.

“मॅडम, चिठ्ठीसाठी कारण काय लिहू?”

“लिहा, बोटाला कडक लागतंय.”

“बोट हा पर्याय यादीत नाहीये.”

“मग यादीत घाला!”

“मॅडम, चिडू नका. पूर्वी तुम्ही सगळे बोटावर पाठवत होता तेव्हा दहातल्या नऊ चिठ्ठ्या फुकट जायच्या. मोठ्या दवाखान्यात तीन-तीन महिन्यांची रांग. खरे रोगी त्या रांगेत गेले. यंत्र आलं, रांग संपली. हे खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. म्हणून तर शाहीनचा संताप दुप्पट झाला. खोटारड्याशी भांडता येतं. अर्धं खरं बोलणाऱ्या सभ्य माणसाचं काय करायचं?

“पारूबाई सावंत,” ती म्हणाली. “याच गावातली. गेल्या वर्षी मी तुम्हाला असाच फोन केला होता.”

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज. “त्या वारल्या. पण कारण क्षय लिहिलंय. आमच्याकडे त्यांचं तोंड हिरवंच आहे.”

“अहो, हिरवं आहे म्हणूनच क्षय लिहिलंय! यंत्र हिरवं म्हणालं म्हणून तुकडा काढला नाही. तुकडा काढला नाही म्हणून कॅन्सर सापडला नाही. आणि सापडला नाही म्हणून तुमचं यंत्र बरोबर! कुठल्या शाळेत शिकलात हा हिशेब?”

“मॅडम, मी तुमची नाराजी नोंदवून ठेवतो.”

“लोणचं घाला तिचं,” असं म्हणून शाहीननं फोन आपटला.

दुपारी रांग सरली. सगळी हिरवी. यंत्रानं शेवटच्या बाईचंही अभिनंदन केलं. शाहीन पडद्याआड त्याच खुर्चीत डोकं धरून बसली. निळा दिवा बंद करायचंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. पारूचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आक्काची ती जोडीदारीण. भाकरी थापायला तिच्यासारखी बाई नव्हती. शेवटी शेवटी तिला स्वतःची थुंकीही गिळता येत नव्हती.

पडदा सरकला. आक्काच होती, हातात डबा.

“जेवलीस का? न्हाईच जेवलेली. तोंड बघ कसं झालंय. अंधारात काय बसलीस? पिठलं हाय, भाकरी हाय. आन हे बघ,” आक्कानं पडदा मागं सोडला, डबा टेकवला आणि शाहीनच्या नाकासमोर बोट नाचवलं, “मघाशी जे बोललीस ते सगळ्या बायांनी ऐकलं. माझ्या धंद्याचा इचार कर. आक्काच्या तोंडात कायतरी हाय म्हटल्यावर कोण जेवंल माझ्या हातचं? परत जर...”

शाहीन त्या बोटाकडे बघत राहिली.

बोट पेटलं होतं. निळ्या उजेडात आक्काचा सगळा हात काळा दिसत होता, आणि त्या काळ्यातून तर्जनी, अंगठा आणि नखांच्या कडा पिवळ्या-हिरव्या जळत होत्या. काजव्यासारख्या. यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या निरोगी तोंडांसारख्या.

“आक्का, हाताला काय लावलंयस?”

“काय लावणार? हळद हाय. मसाल्याचं सांगितलं न्हवं?”

हळद. शाहीन उठून उभी राहिली. हळदीत प्रतिदीप्ती असते. निळ्या प्रकाशात ती अशी उजळते की बघत राहावं. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला मास्तरांनी बशीत चिमूटभर हळद घेऊन हे दाखवलं होतं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर सगळ्या जणी ते विसरल्या. परीक्षेत आलं नव्हतं.

“आक्का,” तिनं सावकाश विचारलं, “सकाळी तोंडात काय घेतलं होतंस?”

“मला काय येडी समजतीस? गाडी येणार म्हटल्यावर मिश्री लावून येईन? गुळणी करून आले.”

“कसली गुळणी?”

“हळद-मिठाची! आन काय पेट्रोलची?” आक्का आता खरंच वैतागली होती. “समद्याच बायका करत्यात. मीच उकळते. लग्नातला मोठा हंडा लावते देवळापुढं, चांगली मूठ-मूठ हळद घालून. कढत कढत गुळण्या करायच्या, बोटानं चोळून चोळून तोंड घासायचं, आन मग मुकाट रांगेला लागायचं. बोलायचं न्हाई, थुकायचं न्हाई, नायतर परत घाण व्हतं.”

मिटलेले ओठ. इतकी वर्षं बघितलेले ते मिटलेले ओठ.

“पण का?” शाहीनचा आवाज चिरकला. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तोंड दाखवायला यायचं की सारवून यायचं?”

आक्का डब्याकडे बघत म्हणाली, “पयली गाडी आली तवा तिच्यावर तू नव्हतीस. शहरातला एक कवळा डाक्टर व्हता. पारूनं तोंड उघडलं तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, ‘शी, हे तोंड आहे का गटार?’ दारात म्हणाला, मोठ्यानं. रांगंतली समदी हसली. मीबी हसले.” तिनं डब्याचं झाकण उगीच काढलं, परत लावलं. “पारू चार दिस कुणाशी बोलली न्हाई. तवाच म्या ठरवलं, आपल्या गावची बाई पुन्यांदा घाण तोंडानं त्या खुर्चीत बसायची न्हाई. आता माझ्या माह्यारी पण हंडा लावत्यात. बाजाराला येणाऱ्या समद्या वाड्या-वस्त्यांवर लावत्यात. आमचं बघून.”

शाहीनला ओरडायचं होतं. पण कोणावर? त्या रुमालवाल्यावर? तो आता कुठल्या तरी शहरात मोठा झाला असेल. आक्कावर? घरी पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडणाऱ्या बाईला काय म्हणायचं? यंत्र करणाऱ्यांवर? ज्या देशात आई पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यालाही हळद लावते, त्या देशात चमक मोजायचं यंत्र बनवलं आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात हळद आली नाही! आणि स्वतः शाहीन? ती तर रोज हळदीचंच कालवण खात होती.

“शाळेच्या स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचं तेल आण,” ती म्हणाली. “हळद पाण्यानं निघत नाही. तेलानं निघते.”

“हे तू मला सांगतीस?”

आक्कानं तेल तोंडात घोळवलं, थुंकलं, परत घोळवलं. शाहीननं मऊ कापसानं जीभ, गाल, हिरड्या पुसल्या. कापूस पिवळा निघाला. पुन्हा पुसलं. कापूस पांढरा राहीपर्यंत पुसलं. आक्का मधेच म्हणाली, “एवढी तर म्या कढईबी घासत न्हाई.” पण तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

निळा दिवा पुन्हा लागला. जिभेच्या कडेला काळा पट्टा दिसला. खरखरीत जागेच्या भेगांत हळद सगळ्यात जास्त दडून बसली होती, म्हणून मघाशी तीच जागा सगळ्यात हिरवी दिसली होती. रोगानंच निरोगीपणाचं सोंग घेतलं होतं.

“संशयास्पद,” यंत्र म्हणालं. आवाज तेवढाच गोड. पोटात खट्ट झालं आणि रंगाची कुपी बाहेर आली.

शाहीननं रंग जिभेवर, मग सगळ्या तोंडात लावला, लाल काचेचा चष्मा चढवला आणि दुसरा दिवा लावला. पट्टा लाल पेटला. कडा स्पष्ट. तिनं जीभ हलकेच ओढून बाजूनं पाहिलं, प्रकाशाची पातळी बदलून तो किती खोल गेलाय त्याचं चित्र घेतलं. रुंद होता, पण उथळ. मुळं खाली उतरली नव्हती. अजून नव्हती.

तिनं श्वास सोडला आणि मग तिचं यंत्राच्या पडद्याकडे लक्ष गेलं. यंत्रानं एकट्या जिभेला संशयास्पद म्हटलं नव्हतं. गाल, टाळू, हिरड्या, ओठांची आतली बाजू, सगळ्यांवर लाल चौकटी होत्या. तिथं तर रंग कणभरही पेटला नव्हता.

शाहीनच्या मनात एक घाणेरडी शंका आली.

“ऊठ आक्का. मला बसू दे.”

तिनं स्वतःच तोंड उघडलं. आयुष्यात तंबाखूला न शिवलेलं, सकाळी पेस्टनं घासलेलं, बिनहळदीचं तोंड. निळा दिवा लागला.

“संशयास्पद. कृपया घाबरू नका. आपल्या जवळच्या—”

“गप ए भवाने,” शाहीन म्हणाली. खट्ट. दुसरी कुपी. तिनं रंग लावला, आरशात पाहिलं. काहीच पेटलं नाही. तोंड खणखणीत होतं.

फोन वाजला. प्रसन्न.

“मॅडम, तुमच्या गाडीत लागोपाठ दोन कुप्या उघडल्यात. आणि एक तुमच्याच नावावर? तुम्हाला काही...”

“मला काही झालेलं नाही. मला एकच सांगा. निरोगी तोंड कसं दिसतं, हे यंत्राला कोणी सांगितलं?”

“सांगत नसतात मॅडम, दाखवावं लागतं. हजारो निरोगी तोंडं दाखवली की ते आपलं आपण शिकतं.”

“कोणाची दाखवली?”

“तुमच्याच भागातली. पहिली दोन वर्षं. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी एकेक चित्र बघून ठरवलं होतं.”

“ती सगळी तोंडं हळदीनं घासलेली होती.”

शाहीननं सगळं सांगितलं. हंडा, गुळणी, बोट, तेल, आक्का, स्वतः. सांगताना तिला वाटलं, आता हा म्हणेल, नाराजी नोंदवून ठेवतो.

“पुण्यात,” प्रसन्न अखेर बोलला, आणि त्याच्या आवाजातली अदब कुठल्या कुठे गेली होती, “आमच्या ऑफिसातल्या लोकांवर यंत्र लावलं की निम्मी तोंडं संशयास्पद यायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, शहरातल्या लोकांचं खाणंच वाईट. मग शहरासाठी वेगळी मोजपट्टी केली. प्रश्न मिटला.”

“मिटला!”

“म्हणजे यंत्र रोग शोधतच नव्हतं. हळद नसलेली जागा शोधत होतं. मॅडम, हे आज बाहेर बोलू नका. उद्या बैठक घेतो. लाखो हिरवे दाखले आहेत. ते सगळे खोटे म्हटलं तर उद्यापासून एक बाई गाडीपाशी फिरकणार नाही. आणि सगळ्यांना पुन्हा तपासायचं तर ती रांग... तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय. बैठक घ्या. चहा-बिस्किटं मागवा. तोवर पारूसारख्या किती जणी क्षयानं मरतात ते पण नोंदवून ठेवा.”

“माझी आई विट्याला असते,” प्रसन्न म्हणाला.

शाहीनला आधी कळलं नाही.

“मीच तिला गाडीवर पाठवतो, दर सहा महिन्यांनी. मिश्री लावते ती. हिरवा दाखला आला की मला फोटो धाडते. ती पण गुळणी करून जात असेल का हो?”

या प्रश्नाला कुत्सित उत्तर शाहीनच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“तेल लावून पुसा आणि बघा,” ती म्हणाली. “गाडीत किती कुप्या आहेत?”

“चाळीसेक असतील. बिनहळदीच्या तोंडाला सगळीकडेच संशयास्पद येणार, म्हणजे कुलूप उघडत राहील. वरून ते मीच बंद करायला हवं.” मग तो म्हणाला, “मी आत्ता जेवायला चाललोय. संध्याकाळपर्यंत माझं लक्ष नाही.”

फोन बंद झाला. आक्का दाराच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. पटांगणात ऊन कडक पडलं होतं. तिनं मागं न बघता विचारलं, “जीभ कापत्यात?”

शाहीन तिच्याशेजारी बसली. गोड बोलायचं तिला कधी जमलं नव्हतं.

“कडेची थोडी. आत्ता गेलीस तर थोडीच. बोलशील. आधी जरा बोबडं, मग नीट.”

“चव?”

“राहील. बरीचशी.”

“बरीचशी,” आक्का म्हणाली. आमटीत काय कमी आहे ते शोधताना जसं तोंड करायची तसं तिनं तोंड केलं. “रविवारचं लग्न उरकून जाते.”

“उद्या जायचंस.”

“उद्या तर उद्या. मेल्यांनो, खावा कच्चा मसाला.” मग बराच वेळ ती बोटांकडे बघत राहिली. उन्हात ती नुसती पिवळी होती, साध्या हळदीची. “शाहीन, पारू माझ्या म्होरं बसली व्हती गेल्या साली. तिला मिठाचं पाणी झोंबत व्हतं, नगं म्हणत व्हती. म्या मान धरून गुळण्या करायला लावल्या. लोकांत शोभा नगं म्हणून.” ती शाहीनकडे वळली. “नसत्या केल्या तर दिसलं असतं?”

खोटं बोलायला ही जागा चांगली होती. शाहीनला तेही जमलं नाही.

“दिसलं असतं,” ती म्हणाली. “पण माझ्या बोटाला दिसलं होतं आक्का. ऐकलं कोणी नाही. हे सगळं तू एकटीनं डोक्यावर घेऊ नकोस, तुझ्यापुढं बरेच जण उभे आहेत.”

आक्कानं पदरानं नाक पुसलं आणि उठली. पटांगणाच्या मधोमध जाऊन तिनं कमरेवर हात ठेवले. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वाढप्यांना हाक मारायचा तो तिचा आवाज निघाला आणि लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या.

“ए सुमन! ए वच्छी! माघारी या समद्या! घरनं तेल घेऊन या! गोडं तेल! सकाळची गुळणी म्या चुकीची घातली! ऐकलं का? इंदूनं चूक केली! कुणी लाजायचं न्हाई, हाय तसं तोंड घेऊन यायचं!”

कोणीतरी कट्ट्यावरून ओरडलं, “आक्का, तळायचंय का काय तोंड?”

“तुझं पयलं तळते, ये तू!”

हशा झाला. मग हळूहळू बायका येऊ लागल्या. हातात वाट्या, बाटल्या, कोणाकडे दिव्याच्या तेलाची बुधली. आक्का एकेकीला पायरीवर बसवून चुळा भरायला लावत होती. पहिली बाई पडद्याआड आली तेव्हा तिनं हातानं तोंड झाकलेलं होतं.

“बाई, लई काळं दिसतंय. तेलानं समदं उघडं पडलं. तुम्हाला किळस येईल.”

“ये,” शाहीन म्हणाली. “तेच बघायचंय मला.”

बाईनं हात काढला.

कुप्या चाळीस होत्या. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती, आणि अजून शेजारच्या वाड्यांना कळायचं होतं. कुप्या संपल्यावर बॅटरी होती आणि बोट होतं. संध्याकाळनंतर कुलूप बंद होणार होतं, उद्या बैठक होणार होती, परवा कोणीतरी तिला कारणे दाखवा म्हणून विचारणार होतं, आणि कारणांच्या यादीत हळद नसणार होती. शाहीननं हातमोजे बदलले. खिशात फोन थरथरला. प्रसन्नचा निरोप होता.

‘रात्रीच निघतोय, विट्याहून आईला घेतो. सकाळी पोचतो. यंत्र नको. तुम्ही बोटानं बघाल का?’